पुडी आणि वाटी

पहाटे ५.५०

बाहेर झिमझिम चालू होती आणि मी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं एक तरणा आवाज, धापा टाकत. "मॅडम, वाघ्या कापायलाय. उभं राहता येईना त्याला. तोंडातून फेस यायलाय. काहीतरी खाल्लंय बगा त्यानं."

हिंगोलीत जनावरांचा दवाखाना चालवायला लागून मला पंधरा वर्षं झाली. काम मुख्यतः गाई-म्हशींचं, शेळ्यांचं. कुत्री अधूनमधून. पण कुत्र्याचा असा फोन आला की माझ्या तोंडून एकच प्रश्न निघतो.

"पुडी कुठंय?"

"कशाची पुडी?"

"काल-परवा घरात, गोठ्यात, रानात काय टाकलं? उंदराचं, मुंग्यांचं, फवारणीचं, काहीही. त्याची पुडी, डबी, बाटली शोध."

पलीकडं कालवा. बायकांचे आवाज, कुणीतरी कुणाला तरी रागावतंय. मग मागून एक म्हातारा आवाज स्पष्ट ऐकू आला, "आरं, गोगलगायीचं टाकलंय की बांधाला!"

झालं. निम्मं निदान तिथंच झालं.

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडच्या सोयाबीनवर गोगलगायी तुटून पडल्या, तेव्हापासून मराठवाड्यातल्या कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या ठळकपणे दिसायला लागल्या. गोगलगाय रात्री निघते म्हणून आमिष संध्याकाळी बांधाला टाकायचं. काही जण त्यात गूळ आणि कोंडा आणखी कालवतात. गोगलगायीला आवडावं म्हणून केलेला हा खाऊ कुत्र्यालाही तितकाच आवडतो. रात्रभर राखण करणारं कुत्रं बांधाबांधानं फिरतं आणि फुकटचा गोड भुसा चाटून येतं. एक ते तीन तासांत अंग थरथरायला लागतं.

पुढचे प्रश्न मी भराभर विचारले. कधी खाल्लं असेल? वजन किती, एका माणसाला उचलतं का? शुद्धीत आहे का? आणि शेवटचा, ज्याचं उत्तर मला नेहमी आधीच ठाऊक असतं: आत्तापर्यंत काय काय पाजलं?

"आज्यानं तूप पाजलंय. अर्धी वाटी. आन् वरून दूध."

"आता एक थेंबही पाजू नका. कापणाऱ्या कुत्र्याला गिळता येत नाही, सगळं फुप्फुसात जातं. पोत्यावर कुशीवर निजवा, डोळ्यांवर फडकं टाका, आवाज करू नका, सारखा हात लावू नका. ओलं फडकं पोटाला आणि पंजांना. पुडी घ्या. उलटी केली असेल तर तीही पिशवीत घालून आणा."

उलटी आणा म्हटलं की लोक क्षणभर गप्प होतात. डॉक्टरीणबाई शुद्धीवर आहेत ना, असा तो मौनाचा अर्थ.

६.४५

नर्सीच्या अलीकडच्या एका वाडीवरून ही मंडळी 'छोटा हत्ती' टेम्पोतून आली. पोरगा, त्याची आई आणि आजोबा. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी आणि हातात फडक्यात बांधलेली स्टीलची वाटी. उरलेलं तूप सोबत आणलं होतं, न जाणो लागलं तर.

वाघ्या बावीस किलोचा, तांबूस गावरान गडी. चारही पाय ताठ, अंगाला एकसारखा कंप, जरा खट्ट झालं की सगळं शरीर दचकून कमानीसारखं वळायचं. ताप बघितला तर पारा १०७ च्या पुढं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. हा जंतूंचा ताप नव्हता. स्नायू अखंड थरथरत राहिले की शरीर इंजिनासारखं तापतं. या विषात बरीच कुत्री या उष्णतेनंच जातात.

या विषाला उतारा नाही. म्हणून काम असं की कंप थांबवायचा, अंग गार करायचं, पोट रिकामं करायचं, आणि उरलेलं विष शरीर स्वतः निस्तरेपर्यंत प्राण धरून ठेवायचा. शिरेतून डायझेपाम दिलं. कंप कमी झाला, गेला नाही. मग मिथोकार्बामॉल, माणसांच्या आखडलेल्या पाठीला देतात तेच. ओल्या चादरी, पंखा. इथं एक गोष्ट सांभाळावी लागते. पारा १०३.५ वर आला की चादरी काढायच्या, नाहीतर शरीर उताराला लागलेल्या गाडीसारखं थंड होतच जातं. मदतनीस पोराला थर्मामीटर हातात देऊन बसवलं आणि दर पाच मिनिटांनी आकडा ओरडायला सांगितलं.

भूल देऊन श्वासनळीत नळी बसवली, फुगा फुगवला आणि मगच पोट धुवायला घेतलं. या क्रमाला तडजोड नाही. पहिल्या पाण्याबरोबर कोंडा आला, गुळाचा आंबूस वास आला आणि बादलीत वर तुपाचा तवंग तरंगला. आजोबा दारातून बघत होते. काही बोलले नाहीत. पाणी निवळल्यावर त्याच नळीतून ॲक्टिव्हेटेड चारकोलचं काळंकुट्ट पाणी आत सोडलं, किलोमागे एक ते दोन ग्रॅम या हिशेबानं.

आठ वाजता पारा १०३.४. चादरी काढल्या.

८.१५

चहा. आजोबांनी वाटी खिडकीत ठेवली होती. मी तिच्याकडं बघतेय हे त्यांनी हेरलं.

"मॅडम, रागावला असाल. पन आमी नर्सीची मानसं. कुत्र्यामागं तूप घेऊन पळायची आमच्या नामदेवापासूनची रीत हाय."

यावर कोण रागावणार? ही गोष्ट आमच्याकडं पाळण्यात ऐकवतात. कुत्र्यानं कोरडी भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस म्हणून. १२७० साली जन्मलेल्या आणि पुढं पंजाबातल्या घुमानपर्यंत गेलेल्या या माणसाच्या जन्मगावी चार दिवसांत परतवारीची एकादशी. पंढरपूरहून परतलेले वारकरी नर्सीत येणार, रस्ते भरून जाणार. आजोबांचा जीव दोन्हीकडं अडकला होता.

मी त्यांना एवढंच सांगितलं की नामदेवांच्या कुत्र्यानं भाकर खाल्ली होती, तुमच्यानं विष. शेतातली बरीच विषं तेला-तुपात विरघळतात. तूप पोटात गेलं की ती बसून राहायच्या ऐवजी लवकर रक्तात उतरतात. आजोबांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. तुपानं वाईट होतं हे ऐकून घ्यायला सत्तर वर्षांचं आयुष्य आडवं येतं.

पंधरा वर्षांत लोकांनी कुत्र्यांच्या घशात ओतलेल्या गोष्टींची मी यादी केली तर एक स्वयंपाकघर भरेल. दूध, ताक, तूप, गोडं तेल, कच्ची अंडी, लिंबू, कांद्याचा रस, चिंचेचं पाणी, साबणाचं पाणी, आणि सगळ्यात वाईट, मिठाचं पाणी. ओकारी काढायला म्हणून लोक मूठभर मीठ कालवून पाजतात. ओकारी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं, मेंदूतलं पाणी ओढून घेतं आणि झटके सुरू होतात. मूळ विषातून वाचलं असतं असं कुत्रं मिठानं दगावू शकतं. कांद्याचा रस तर विषावर विष. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ते लगेच दिसतही नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात.

ओकारी काढायची वेळ येते, नाही असं नाही. खाऊन दोनेक तासच झालेत, कुत्रं पूर्ण शुद्धीत आहे, कापत नाही, आणि खाल्लेली वस्तू जाळणारी नाही, तर. रॉकेल, ॲसिड, संडास साफ करायचं द्रव्य असलं तर अजिबात नाही. आत जाताना जे जाळत गेलं ते बाहेर येताना पुन्हा जाळतं, रॉकेल फुप्फुसात शिरतं. हे 'तर' फोनवर तपासून मगच मी तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सांगते, मापात, एखाद्या घराला. बाकीच्यांना म्हणते, गाडी काढा.

नऊ ते दहा दोन म्हशी, एक दगडीचं, सुजलेल्या कासेचं दूध, एक वासराची हगवण.

१०.२०

शहरातल्या नव्या वसाहतीतून फोन. नवरा-बायको दोघं शिक्षक, अकरा किलोचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू. मुलाच्या वाढदिवसाचं चॉकलेट त्यानं चांदीसकट खाल्लं. बाई रडत होत्या. मोबाइलवर वाचून त्यांनी पिल्लाचं तेरावं मनातल्या मनात उरकलं होतं.

"पुडी कुठंय?" इथं पुडी म्हणजे वेष्टन. चाळीस ग्रॅम, दुधाचं चॉकलेट.

मग गणित. चॉकलेटात थिओब्रोमीन नावाचं द्रव्य असतं, चहातल्या कॅफिनचं चुलतभावंड. माणूस ते काही तासांत पचवतो, कुत्र्याला फार वेळ लागतो. दुधाच्या चॉकलेटात ग्रॅममागे साधारण दोन मिलिग्रॅम. चाळीस ग्रॅममध्ये ऐंशी-नव्वद. अकरा किलोनं भागा, किलोमागे आठ. अस्वस्थपणा, उलट्या सुरू होतात त्या किलोमागे वीसच्या आसपास. हृदयाचं बिघडतं चाळीसच्या पुढं. म्हणजे पिल्लू सुरक्षित आहे. पोट बिघडेल, चांदी उद्या बाहेर येईल. हेच केकसाठीचं कडू चॉकलेट असतं तर त्यात सहा-सात पट द्रव्य, आणि मी त्यांना चप्पल घालायलाही वेळ दिला नसता.

शहरी घरात मला चॉकलेटापेक्षा दुसऱ्या गोष्टींची भीती वाटते. एक, बिनसाखरेचं च्युइंगगम. त्यातल्या झायलिटॉलनं कुत्र्याची साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. दुसरी, मनुका आणि द्राक्षं. कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यानं निकामी होतात हे वीसएक वर्षं माहीत होतं, पण का, ते कुणाला कळत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं, तेही एका कुत्र्यानं घरी केलेला खेळण्याचा पिठाचा गोळा खाल्ल्यावर. त्या गोळ्यात टार्टारिकचा क्षार होता. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एका फळाचं नाव घेतलं, आणि ते वाचून मी माझ्या स्वयंपाकघरातल्या बरणीकडं वळून बघितलं. चिंच. आमटीतल्या बोटभर कोळानं काही होईल असं नाही, पण गोळा करून ठेवलेल्या चिंचेचा लाडू पिल्लाच्या तोंडी लागू नये एवढं मी आता सगळ्यांना सांगते. लोक हसतात. चिंच कधी विष असते का?

शिक्षकबाईंना सांगितलं, पाणी ठेवा, दुपारचं जेवण चुकवा, थरथर किंवा छातीची धडधड वाटली तर फोन करा. दहा मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन. धडधड पिल्लाची नव्हती, त्यांची होती.

११.४०

आजचं सगळ्यात अवघड प्रकरण विषाचं नव्हतंच. निदान आणणाऱ्याच्या लेखी.

एक रिटायर गृहस्थ, सोबत बारा वर्षांची पांढरी पॉमेरियन. चार दिवसांपासून जेवत नाही, दोनदा उलटी, आणि शी डांबरासारखी काळी. हिरड्या फिक्या. मी विचारलं, काही खाल्लंय का? नाही. घरात उंदराचं औषध? नाही. कुणी काही टाकलं? छे.

"लंगडत होती का मध्यंतरी?"

"हो, गुडघे धरले होते. मग मी माझ्यातली अर्धी गोळी देत होतो रोज. दुधातून. मला लागू पडते ना."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, एकाच गोळीत. पुडी मालकाच्या खिशातच होती.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जठराचं अस्तर सोलून काढतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत, आणि मांजर असेल तर पाव गोळीतही रक्ताचा रंग चॉकलेटी होऊन श्वास कोंडतो. डायक्लोफेनॅकचं नाव पशुवैद्याला वेगळ्याच कारणानं पाठ असतं. गाईला टोचलं, गाय मेली, गिधाडांनी खाल्ली, गिधाडं मेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर देशात बंदी आली. आभाळ रिकामं झालं तेव्हा कळलं. आमच्या लहानपणी कयाधू नदीच्या काठाला मेलेल्या जनावराभोवती गिधाडं बसलेली असत. माझ्या मुलानं फक्त पुस्तकात बघितलीत.

त्या गृहस्थांना हे कसं सांगायचं? विष घालणारा शेजारी असला तर राग काढता येतो. इथं रोज सकाळी प्रेमानं, दुधात कुस्करून, स्वतःच्या औषधातला वाटा. मी म्हटलं, "गोळी बंद करा, तिला झेपत नाही." त्यांनी तेवढ्यावरून ओळखलं. कुत्रीला सलाइन लावलं, ॲसिड कमी करणारं औषध दिलं, जठराच्या जखमेवर थर धरणारं पातळ औषध दिलं. ते तासभर तिच्या पायावर हात ठेवून बसले. आजोबांनी बाकावर सरकून त्यांना जागा दिली आणि कुठलं गाव, पोरं काय करतात, हे विचारायला सुरुवात केली. दवाखान्यातलं निम्मं औषध त्या बाकावर मिळतं.

१.३०

डबा. खाताना वहीत नोंदी. कपाटात बघितलं: फवारणीच्या विषावरचे ॲट्रोपिनचे तीन खोके आणि पॅमच्या चार बाटल्या, व्हिटॅमिन के-वन पुरेसं, चारकोल संपत आलेलं. औषध दुकानदाराला फोन केला तर त्यानं नांदेडहून मागवतो म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी एकाला मी चारकोल लागेल असं म्हटलं, तर तो अर्ध्या तासात घमेलंभर चुलीतला कोळसा घेऊन आला. पोटातलं विष धरून ठेवतो तो कोळसा वाफेवर भाजून सच्छिद्र केलेला असतो. चिमूटभर पुडीत ओट्याएवढा नव्हे, मैदानाएवढा पृष्ठभाग दडलेला. चुलीतल्या कोळशाला, करपलेल्या भाकरीला ते येत नाही. पण तो माणूस बरोबर निघाला होता, फक्त चुकीच्या चुलीकडं. तो कोळसा आम्ही थंडीत शेकोटीला वापरला.

२.५०

फवारणीचा हंगाम. दोघं भाऊ मोटारसायकलवर, मधे कुत्रं. टाकीसाठी औषध कालवलेली बादली त्यानं चाटली. तोंडातून लाळेच्या तारा, पातळ शी, श्वासाला घरघर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सकाळच्या वाघ्यासारखं हेही कापत होतं, पण त्या बाहुल्यांनी आणि लाळेनं वाट वेगळी दाखवली. पुडी मागायच्या आत धाकट्यानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. मागच्या वर्षी त्यांची शेळी वाचली होती, ती बाटलीमुळं. धडा लक्षात होता. ऑर्गॅनोफॉस्फेट.

याला मात्र उतारा आहे. ॲट्रोपिन किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ऐकायला थोडं वाटतं. वीस किलोच्या कुत्र्याला चार मिलिग्रॅम, आणि ॲम्प्यूल येते ०.६ मिलिग्रॅमची, एका खेपेला सहा-सात ॲम्प्यूल फोडाव्या लागतात. पाव भाग शिरेत, उरलेलं कातडीखाली. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघायची नसते, छातीतली घरघर कोरडी होते का ते ऐकायचं. जोडीला पॅम, तेही लवकर, कारण विषानं शरीरातल्या एन्झाइमला मारलेली मिठी तासागणिक घट्ट होते आणि मग सुटत नाही.

कुत्र्याला हातमोजे घालून साबणानं धुवायला लावलं. तेवढ्यात थोरला भाऊ भिंतीला टेकला. त्याचंही कपाळ घामानं डबडबलं होतं. डोळे बघितले. बाहुल्या बारीक.

"तुम्ही सकाळपासून फवारताय? तोंडाला काही बांधलं होतं?"

"रुमाल होता. भिजला म्हणून काढला."

२०१७ साली आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून असा घाम बघितला की मी कुत्रं सोडून माणसाकडं बघते. त्याला सरकारी दवाखान्यात धाडलं, बाटलीचं लेबल मोबाइलमध्ये काढून दिलं आणि सांगितलं, गेल्या गेल्या हे दाखवायचं. धाकटा गोंधळला. भावाबरोबर जावं की कुत्र्यापाशी थांबावं? आजोबा बाकावरून म्हणाले, "तू जा बाबा. कुत्रं मी बघतो. एक बघायलोयच की."

४.१०

या कुत्र्याचं नाव लिहिलं नाही वहीत, वेळ लिहिली.

आणलं तेव्हाच शरीर गार पडत चाललं होतं. सकाळी सातला उंदराची काळी पावडर लावलेली भाकर खाल्ली, झिंक फॉस्फाइड. घरच्यांनी पोटात काही असावं म्हणून वर दूध-भाकर घातली. अन्न गेलं की जठरात आम्ल सुटतं आणि आम्लाशी गाठ पडली की या पावडरीचा फॉस्फिन वायू होतो. लसणासारखा, कार्बाइडसारखा वास. म्हणून अशा कुत्र्याला खायला घालायचं नसतं, आणि मी त्याला अंगणात, वाऱ्याकडं पाठ करून हाताळते, कारण त्याच्या उलटीतून येणारा वायू माणसालाही सोडत नाही. आम्ल मारायचं औषध दिलं, सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला. नऊ तास झाले होते. वीस मिनिटांत गेलं.

सोबतची मुलगी नववी-दहावीची. "शेजाऱ्यांनीच घातलंय," ती म्हणाली. असेल, नसेल. उंदीर आमिषाची भाकर ओढत कुठंही नेतात. खरंच संशय असेल तर पोलिसांत जा, पंचनामा करा, सरकारी डॉक्टर शवविच्छेदन करून नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेला पाठवतील. जनावराला विष घालून मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, हे मी तिच्या वडिलांना सांगितलं. ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "पावडर आमच्याच माळ्यावरची हाय, मॅडम."

खोल पुरा, वर दगड ठेवा, दुसऱ्या कुत्र्यांनी उकरू नये. एवढंच बोलले मी.

५.३०

ठिपक्या नावाचं कुत्रं तपासणीला. नऊ दिवसांपूर्वी आलं होतं. उंदराची निळी वडी खाल्ल्यावर चार दिवस ठणठणीत, म्हणून घरचे निर्धास्त. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त, मांडीवर टेंगूळ.

हे ब्रोमॅडिओलोनचं काम. त्याचा इतिहास आमच्या धंद्यातलाच आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गाई रक्तस्रावानं मरायला लागल्या. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यातलं द्रव्य शोधलं, त्यातून वॉरफरिन निघालं, १९४८ मध्ये ते उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं आणि मग माणसांच्या हृदयरोगाचंही झालं. ब्रोमॅडिओलोन त्याच कुळातलं, जास्त चिवट. शरीर रक्त गोठवायचा जुना साठा तीन-चार दिवस पुरवतं, म्हणून उशिरा कळतं. उतारा व्हिटॅमिन के-वन, तीन ते चार आठवडे, एकही दिवस न चुकवता. आणि शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं. के-थ्री स्वस्त मिळतं, त्याचा उपयोग नाही.

"गोळी थुकून टाकतोय," मालकीणबाई म्हणाल्या. "भाकरीत घातली तर भाकर खातो, गोळी ठेवतो."

के-वन चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व. स्निग्ध पदार्थाबरोबर दिलं की नीट अंगी लागतं. मी इकडं-तिकडं बघितलं. खिडकीतली वाटी उचलली, फडकं सोडलं, गोळी तुपात घोळवून ठिपक्यापुढं धरली. गोळी गेली, माझी बोटंही जायची राहिली.

बाकावरून आवाज आला. "मॅडम! सकाळी मला केवढं समजावलं. आन् आता तुमीच तूप चारायलाव?"

पॉमेरियनचे गृहस्थ हसले. दिवसभरात पहिल्यांदा. मी आजोबांना समजावायला गेले, की तुपाची तीच करामत. विष आत नेतं तसं औषधही आत नेतं, आत काय न्यायचं ते आधी बघावं लागतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी वाटी बरोबर होती. कुत्रं चुकलं."

उरलेलं तूप त्यांनी मालकीणबाईंच्या डब्यात ओतून दिलं. घरचं हाय, म्हशीचं, म्हणाले.

८.४०

सरकारी दवाखान्यातून धाकट्या भावाचा फोन. थोरल्याला रात्रभर ठेवून घेतलंय, बोलतोय. त्यांचं कुत्रं इथं कोरड्या तोंडानं झोपलंय. बारा तास तरी नजरेखाली ठेवणार.

वाघ्या सात वाजता स्वतःच्या पायावर उभा राहिला. पारा १०१.८. पाय अजून दारुड्यासारखे पडतात, पण कंप नाही. दोन-तीन दिवसांनी यकृत कुरकुर करू शकतं, म्हणून परवा रक्ताला बोलावलं. बांधावरचं आमिष उद्या सकाळी उचला. पुन्हा टाकायचंच तर ढीग करू नका, पसरा. नाहीतर गोगलगायी हातानं वेचून मिठाच्या पाण्यात टाका, हे पोराला सांगितलं. उद्या फक्त भाताची पेज.

"तूप?" आजोबांनी विचारलं.

"परवा रक्त बघू. मग ठरवू."

गाडीत पोतं अंथरलं. वाघ्याला वर चढवताना त्यानं मान वळवली आणि आजोबांच्या पिशवीत नाक खुपसलं. रिकामी वाटी पिशवीच्या तळाशी होती. ती त्यानं खालपासून वरपर्यंत, कडेसकट, स्वच्छ चाटली, आणि आम्ही कुणीच त्याला वेळेत धरलं नाही.